कायटोसनची फिल्म पाण्यात का विरघळते, आणि प्रत्येक बाटली वेगळी का वागते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कायटोसन म्हणजे खेकडा-कोळंबीच्या कवचातल्या कायटिनपासून करतात तो लांब साखळीचा पॉलिमर; जखमेवर लावता येईल अशी त्याची फिल्म तुम्ही प्रयोगशाळेत करताय. पहिल्या बाटलीतली पावडर एक टक्का ॲसिटिक आम्लात विरघळली, फिल्म पारदर्शक आली, पण पाण्यात सोडली की फुगते आणि काही मिनिटांत तिचा बुळबुळीत लगदा होतो. दुसऱ्या कंपनीची बाटली मागवलीत, तर तेवढ्याच टक्केवारीचं द्रावण पाण्यासारखं पातळ झालं आणि फिल्म वाळताना तडकली. दोन्ही बाटल्यांवर ‘डीॲसिटिलेशन (म्हणजे कायटिनवरचे ॲसिटिल गट काढल्याचं प्रमाण) ७५ टक्क्यांपेक्षा जास्त’ एवढंच छापलंय. यातलं खरं कायटोसन कोणतं, आणि एवढी कटकट असेल तर सरळ कायटिनच का वापरू नये, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही बाटल्यांतलं कायटोसन खरंच आहे. घोळ असा होतो की आपण कायटोसन हे एका ठरावीक पदार्थाचं नाव समजतो. प्रत्यक्षात ते एका मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे. साखळीवरचे किती ॲसिटिल गट काढलेत, उरलेले कुठे कुठे बसलेत, साखळी किती लांब आहे आणि अमाइन (नायट्रोजनचे) गट या क्षणी भारित आहेत की नाहीत, एवढं कळल्याशिवाय ‘कायटोसन अमुक कामाला चालतं का’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. तुमच्या दोन अडचणींची कारणंही वेगवेगळी आहेत. पहिली पीएचची आहे, दुसरी साखळीच्या लांबीची.

आधी रचना बघू, कारण बाकी सगळं तिच्यातून निघतं. सेल्युलोज डोळ्यांसमोर आणा: ग्लुकोजची कडी, बीटा १-४ जोडणी, सरळ लांब साखळी. त्या प्रत्येक कडीत दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे ॲसिटिल लावलेला अमाइन बसवला की झालं कायटिन. प्रत्येक कडी शेजारणीच्या तुलनेत १८० अंशांत फिरलेली असते, त्यामुळे नमुना दर दोन कड्यांनी, म्हणजे साधारण १.०३ नॅनोमीटरवर परत येतो. शेजारशेजारच्या साखळ्या या ॲमाइड गटांमधून एकमेकींशी हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या असतात. खेकडा-कोळंबीच्या कवचात साखळ्या एकीआड एक उलट्या दिशेने रचलेल्या असतात, त्याला अल्फा कायटिन म्हणतात. माकूळच्या अंगात जी पारदर्शक पट्टी असते तिच्यात सगळ्या साखळ्या एकाच दिशेने जातात, ते बीटा कायटिन. बीटामध्ये थरांना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध नसतात, म्हणून पाणी थरांमध्ये शिरतं आणि ते फुगतं. अल्फा मात्र पाण्याला दाद देत नाही.

सरळ कायटिनच का वापरू नये, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कायटिन थेट वापरता येतं. जपानमध्ये कायटिनच्या धाग्यांपासून केलेलं जखमेवरचं आवरण वापरातही आलं. पण त्याची फिल्म ओतायची तर ते विरघळवावं लागतं, आणि ते पाण्यात, सौम्य आम्लात, नेहमीच्या कुठल्याही सेंद्रिय द्रावकात विरघळत नाही. लिथियम क्लोराइड घातलेलं डायमिथिल ॲसिटामाइड, हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल, काही आयनिक द्रव अशा वाटा आहेत; पण जखमेवर ठेवायच्या वस्तूतून यातला शेवटचा अंश काढून टाकणं फार कष्टाचं पडतं. दुसरा मार्ग कायटिन न विरघळवता त्याचे नॅनोतंतू सुटे करण्याचा. तो चांगला आहे, पण त्यासाठी लागणारी यंत्रणा प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. ॲसिटिल गट काढून कायटोसन करण्याची खटपट विरघळण्यासाठीच असते.

ही खटपट जुनी आहे. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८११ मध्ये अळंब्यांतून कायटिन वेगळं काढलं. १८५९ मध्ये रूजे याने ते तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळलं, तेव्हा ते सौम्य आम्लात विरघळू लागलं. त्या पदार्थाला कायटोसन हे नाव होप-झायलरने १८९४ मध्ये दिलं. आजही कारखान्यात मुळात तेच करतात. कवचात कायटिन, प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट एकमेकांत विणलेली असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्शियम काढतात (फेस चांगलाच येतो), सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढतात, मग रंग घालवतात, आणि शेवटी ४० ते ५० टक्के कॉस्टिक सोड्यात १०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर तापवून ॲसिटिल गट काढतात.

बाटल्यांमधला फरक इथे तयार होतो. आम्ल जास्त तीव्र झालं किंवा जास्त वेळ ठेवलं की साखळ्या तुटतात. गरम सोड्यात हवेतला ऑक्सिजन शिरला तरी तुटतात; म्हणून काळजी घेणारे लोक नायट्रोजन सोडतात किंवा सोडियम बोरोहायड्राइड घालतात. त्यामुळे दोन कारखाने कायटिनमधून ८० टक्के डीॲसिटिलेशनचंच कायटोसन काढत असले, तरी एकाची साखळी दहा लाख डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) घरात आणि दुसऱ्याची पन्नास हजारांच्या घरात असू शकते. लेबलवरचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

आणखी एक गोष्ट लेबलवर नसते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. सोड्यात कायटिन विरघळलेलं नसतं, घन कणांच्या रूपात असतं. सोडा आधी कणाच्या सैल, अव्यवस्थित भागात शिरतो, घट्ट स्फटिकी भागात उशिरा. परिणामी काही साखळ्या जवळजवळ पूर्ण मोकळ्या होतात आणि काहींवर ॲसिटिल गटांचे पुंजके तसेच राहतात. कायटिन आधी विरघळलेल्या अवस्थेत आणून मग ॲसिटिल गट काढले तर ते साखळीभर विखरून निघतात. १९७० च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवलं की अशा पद्धतीने साधारण ५० टक्के डीॲसिटिलेट केलेलं कायटिन साध्या पाण्यातही विरघळतं. आकडा तोच, मांडणी वेगळी, आणि वागणूक पार बदललेली. तुमच्या द्रावणात तळाशी जेलीसारखे न विरघळलेले कण राहत असतील, तर ते बहुधा हे पुंजकेवाले तुकडे आहेत. नायलॉनच्या बारीक कापडातून गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा, आणि किती वजन गेलं ते नोंदवा. नाहीतर तुमचं दोन टक्के द्रावण खरोखर दोन टक्के राहत नाही.

आता पहिल्या बाटलीकडे वळू. कायटोसनच्या अमाइन गटाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट भारित असतात तो आकडा, साधारण ६.३ ते ६.५ आहे. पीएच त्याच्या खाली गेला की अमाइन प्रोटॉन घेतो, साखळीभर धनभार येतो, साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि पॉलिमर पाण्यात उतरतो. पीएच वर गेला की भार जातो आणि तो बाहेर पडतो. तुम्ही ॲसिटिक आम्लातलं द्रावण प्लेटमध्ये ओतून वाळवलंत, तेव्हा जास्तीचं आम्ल उडून गेलं. पण अमाइनला जोडलेले ॲसिटेट आयन तिथेच राहिले. म्हणजे प्लेटमध्ये वाळलेली फिल्म कायटोसनची नसते, कायटोसन ॲसिटेटची असते, आणि ॲसिटेट हे क्षार असल्यामुळे पाण्यात विरघळतं. तुमच्या फिल्मचं जे होतंय ते अगदी अपेक्षित आहे.

उपाय म्हणजे ती उदासीन करणं. मी असं करतो. फिल्म पूर्ण वाळू द्यायची; ती अजून ओलसर असताना घाई केली तर जाडी एकसारखी राहत नाही. मग प्लेटमध्येच एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजे कॉस्टिक सोडाच) कडेने हळूच सोडायचं. थोड्या वेळात फिल्मच्या कडा सुटू लागतात, ती किंचित धुरकट होते आणि काच सोडून आपोआप तरंगायला लागते. हीच वेळ नाजूक. फिल्म एकाच वेळी फुगत आणि आकसत असते, त्यामुळे मोकळी सोडली तर ती सुरकुतते आणि त्या सुरकुत्या परत जात नाहीत. दोन चौकटींमध्ये कडा दाबून धरा, किंवा नुसत्या पाण्याऐवजी पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात केलेलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण घ्या. इथेनॉलमुळे फुगणं आटोक्यात राहतं. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. धुतलेल्या पाण्याचा पीएच उदासीन येईपर्यंत पाणी बदलत राहायचं, कारण फिल्मच्या पोटात राहिलेला सोडा पेशींच्या चाचणीत सगळे निष्कर्ष बिघडवतो. मग चौकटीतच वाळवायचं. आता ही फिल्म पाण्यात टाका: फुगेल, मऊ होईल, पण अखंड राहील.

फिल्म गरम करून अविद्राव्य करता येते असंही तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. ते खरं आहे, उष्णतेने ॲसिटेटचा काही भाग परत ॲमाइड बनतो. पण फिल्म पिवळी पडते, आणि तुम्ही निवडून घेतलेलं डीॲसिटिलेशन तुमच्याच हाताने बदलतं. ग्लुटाराल्डिहाइडने साखळ्या जोडण्याचा सल्ला तर सर्रास दिला जातो. पाण्यातले धातू शोषायला मणी बनवायचे असतील तर ठीक. जखमेसाठी मी तो देणार नाही, कारण उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड पेशींना विषारी असतं. जेनिपिन त्या मानाने सौम्य आहे, फक्त फिल्म गडद निळी होते आणि मग आवरणाखालची जखम दिसत नाही. आधी नुसती उदासीन करून बघा. ओली असताना ती कामाला पुरेशी मजबूत नसेल, तरच जोडणीचा विचार करा.

दुसऱ्या बाटलीची साखळी आखूड आहे, एवढं तुमच्या वर्णनावरून जवळजवळ नक्की वाटतं. द्रावण पातळ, फिल्म ठिसूळ ही त्याचीच लक्षणं. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि फिल्म वाळताना येणारा ताण पेलतात. आखूड साखळ्यांना तेवढी गुंतवण नसते. द्रावण दोन-तीन टक्क्यांवर न्या, फिल्म जाडसर ओता, सावकाश वाळवा. ग्लिसरॉल घातलं की लवचिकपणा येतो, पॉलिमरच्या वजनाच्या २० ते ३० टक्के हे सुरुवातीला ठीक प्रमाण आहे. मात्र एक अडचण लक्षात ठेवा. ग्लिसरॉल पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे उदासीन करून धुताना ते सगळं निघून जातं आणि फिल्म पुन्हा ठिसूळ होते. म्हणून धुऊन झाल्यावर ती ग्लिसरॉलच्या पातळ द्रावणात बुडवून ठेवायची आणि मगच वाळवायची. हा क्रम कृतींमध्ये बरेचदा लिहिलेला नसतो आणि माणूस विनाकारण पावडरला दोष देत बसतो.

द्रावण करतानाची एक सवयही लावून घ्या. पावडर थेट आम्लात टाकली तर बाहेरून जेलीचा थर धरून गुठळ्या होतात. पावडर आधी नुसत्या पाण्यात चांगली भिजवा आणि मग ढवळत ढवळत आम्ल घाला. रात्रभर मंद ढवळू द्या, बुडबुडे जाऊ द्या, आणि ताजंच वापरा. आम्लातल्या द्रावणाची साखळी ठेवल्या ठेवल्या तुटत राहते. महिन्यापूर्वीचं द्रावण आणि आजचं द्रावण यांची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) सारखी नसते.

मग जखमेसाठी कोणतं घ्यायचं? हे जखमेवर आणि तुमच्या उद्देशावर अवलंबून आहे, सरसकट उत्तर नाही. रक्त थांबवायचं असेल तर चित्र एकदम उलटं होतं. अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळालेली आणि पुढे अफगाणिस्तान-इराकच्या युद्धांत सैनिकांसाठी वापरलेली हेमकॉन पट्टी गोठवून वाळवलेल्या कायटोसन ॲसिटेटची आहे. तुमच्या फिल्ममध्ये जी अडचण ठरते, तीच अवस्था तिथे मुद्दाम राखलेली आहे: धनभारित पृष्ठभाग ऋणभारित लाल पेशींना ओढून घेतो, पट्टी ओली होऊन जखमेला चिकटते आणि तोंड बंद करते. रक्त गोठवणाऱ्या शरीराच्या नेहमीच्या यंत्रणेवर ती फारशी अवलंबून नसते. म्हणजे रक्तस्राव थांबवायचा असेल तर उदासीन करू नका; काही दिवस जखमेवर टिकणारं आवरण हवं असेल तर उदासीन करा.

टिकायचं किती, हेही डीॲसिटिलेशनवर ठरतं. आपल्या शरीरात कायटोसन प्रामुख्याने लायसोझाइम हे एन्झाइम तोडतं, आणि त्याला पकड घेण्यासाठी लागोपाठ काही ॲसिटिल असलेल्या कड्या लागतात. म्हणून ७० टक्क्यांच्या आसपासचं कायटोसन लवकर झिजतं आणि ९५ च्या पुढचं फार रेंगाळतं. दुसऱ्या बाजूला, अमाइन जितके जास्त तितक्या पेशी सहसा चांगल्या चिकटतात. वरून लावून काढून टाकायच्या फिल्मसाठी मी ८५ च्या आसपासचं, मध्यम ते जास्त रेणुभाराचं (म्हणजे लांब साखळीचं) कायटोसन घेऊन सुरुवात करेन. आत राहून विरघळून जायला हवं असेल तर त्याहून कमी डीॲसिटिलेशनचं.

जंतुनाशक गुणाबद्दल सावध राहा. तो मुख्यतः धनभारावर चालतो, म्हणजे पीएच साडेसहाच्या खाली असताना. बऱ्या न होणाऱ्या जुनाट जखमांचा पीएच बहुधा सातच्या वर असतो. पाच-साडेपाच पीएचला प्लेटवर मिळालेला सुंदर निकाल तिथे लागू पडत नाही. शिवाय ॲसिटिक आम्ल स्वतःच जंतू मारतं. त्याच तीव्रतेचं आणि त्याच पीएचचं नुसतं ॲसिटिक आम्ल समांतर ठेवल्याशिवाय तुमच्या प्रयोगातून कायटोसनबद्दल काहीही सिद्ध होणार नाही. कोणत्याही पीएचला धनभार हवाच असेल तर ट्रायमिथिल कायटोसनसारखी रूपांतरं आहेत, पण तो वेगळा पदार्थ आहे आणि त्याची सुरक्षितता नव्याने तपासावी लागते.

बाकी उपयोगांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, तर तेवढंच सांगतो. सगळीकडे तोच अमाइन वेगवेगळी कामं करतो. गढूळ पाण्यातले ऋणभारित कण तो एकत्र आणतो, तांब्यासारखे धातू धरून ठेवतो. ट्रायपॉलिफॉस्फेट थेंब थेंब घातलं की कायटोसनचे नॅनोकण बनतात. औषध वाहून नेण्यासाठी ही पद्धत १९९७ पासून खूप रुळली. ग्लिसरोफॉस्फेट घालून केलेलं द्रावण गार असताना पातळ राहतं आणि शरीराच्या तापमानाला जेल होतं, म्हणून ते सुईने आत सोडता येतं. शेतीत ते झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करतं. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसन हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणासाठी मूलभूत पदार्थ म्हणून मान्यता दिली. वजन कमी करण्याच्या गोळ्यांचं मात्र मी समर्थन करणार नाही. नीट केलेल्या चाचण्यांत त्यांचा परिणाम नगण्य दिसला आहे.

पेशींवर किंवा प्राण्यांवर चाचणी करण्याआधी शुद्धतेचा प्रश्न येतो. कवचाच्या ॲलर्जीला प्रामुख्याने ट्रोपोमायोसिनसारखी प्रथिनं जबाबदार असतात, कायटिन नाही; म्हणून उरलेली प्रथिनं किती आहेत हे विचारा. ही चिंता मुळातच नको असेल तर बुरशीपासून काढलेलं कायटोसन मिळतं. त्याहून चकवणारी चीज म्हणजे एंडोटॉक्सिन. जिवाणूंच्या आवरणातला हा पदार्थ ऋणभारित असतो, कायटोसनला घट्ट चिकटतो आणि साध्या धुण्याने जात नाही. ‘कायटोसन रोगप्रतिकारक पेशींना उत्तेजित करतं’ असा निष्कर्ष काढण्याआधी ती उत्तेजना एंडोटॉक्सिनची नाही ना, हे तपासायलाच हवं. निर्जंतुकीकरणातही साखळी दुखावते: गॅमा किरणांनी ती तुटते, ऑटोक्लेव्हमध्ये फिल्म तपकिरी होऊ शकते. म्हणून रेणुभार आणि फिल्मची ताकद निर्जंतुकीकरणानंतर मोजा, आधीच्या आकड्यांवर विसंबू नका. आणि प्रयोगशाळेतल्या साध्या पावडरीची फिल्म माणसाच्या जखमेवर लावू नका, स्वतःच्या बोटावरच्या छोट्या कापावरसुद्धा नाही.

नवी बाटली मागवण्याआधी हातातल्या दोन्ही बाटल्या मोजून घ्या. ओलावा आधी, कारण या पावडरीत दहा टक्क्यांपर्यंत पाणी सहज असतं आणि सगळी वजनं तेवढी चुकतात. डीॲसिटिलेशनसाठी प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन ओळखण्याची पद्धत) सगळ्यात भरवशाचं: ड्युटेरियम क्लोराइड घातलेल्या जड पाण्यात नमुना घ्या, सुमारे ७० अंशांना मोजा, म्हणजे पाण्याचं शिखर बाजूला सरकतं, मग २ पीपीएमजवळचे ॲसिटिलचे तीन प्रोटॉन आणि ३.१ जवळचा अमाइनशेजारचा प्रोटॉन यांचं गुणोत्तर काढा. एनएमआर हाताशी नसेल तर कंडक्टोमेट्रिक टायट्रेशनही (द्रावणाची विद्युतवाहकता मोजत केलेलं टायट्रेशन) चांगलं काम देतं. नायट्रोजनच्या टक्केवारीवरून हिशेब करू नका: शुद्ध कायटिनमध्ये ६.९ आणि पूर्ण डीॲसिटिलेटेड कायटोसनमध्ये ८.७ टक्के, एवढाच पल्ला आहे, आणि उरलेली प्रथिनं तो सहज बिघडवतात. व्हिस्कॉसिटी दोन्हींची एकाच तापमानाला, एक टक्का ॲसिटिक आम्लात एक टक्का द्रावण करून मोजा. हे आकडे आणि फिल्म उदासीन केल्यानंतर पाण्यात किती फुगली ते इथे टाकलंत, तर कोणती बाटली ठेवायची ते नेमकं सांगता येईल.